आईचं आमेन

गुनसान,
सोमवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ग्येसुनताई,

तुझं बरं चाललं असेल आणि गुडघे फार कुरकुरत नसतील, असं धरून लिहिते. इथे थंडी पडली. परवा चाळीस कोबींची किमची घातली, तिखट जरा हात सुटून पडलं. तुझा डबा बाजूला ठेवलाय. सहा वर्षं ठेवते आणि शेवटी मीच खाते.

काल चर्चमध्ये मंडळीपुढे आईच्या श्रद्धेची साक्ष सांगायची होती. पाळकसाहेब म्हणाले होते, "नवीन लोक आलेत, बाई. तुमच्या आईंनी शेवटच्या श्वासाला आमेन म्हटलं, ते पुन्हा ऐकू द्या." मी उभी राहिले आणि एक शब्द न बोलता खाली बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारी! आईच्या आठवणीनं घसा दाटला." सगळ्या बायका रडल्या.

माझ्या पोटात गाठ आहे, ताई. गुरुवारी काढणार. कसली आहे ते उघडल्यावरच कळेल, म्हणतात.

पण मला सांगायचंय ते हे नाही.

सहा वर्षांपूर्वी, आईच्या अंत्यविधीला, आपल्या जुन्या रीतीप्रमाणे तू तिच्या फोटोपुढे वाकायला आलीस आणि मी तुझी बाही धरली. "आई प्रभूची झाली, इथे कुणी वाकायचं नाही." तू म्हणालीस, "आई गेली आणि तू तिची मालकीण झालीस का गं?" आणि बूट हातात घेऊन निघून गेलीस.

आईने आमेन म्हटलंच नव्हतं.

ती गेली त्या दुपारी मी तिच्या कानाशी प्रभूला स्वीकारायची प्रार्थना सांगत होते. "आई, शेवटचा शब्द तेवढा म्हण. आमेन म्हण." ती म्हणाली, "ग्येसुन जेवली का?" मग माझं बोट धरलं. "तू आहेस ना? मग झालं." आणि डोळे मिटले. पाळकसाहेब धावत आले. "म्हणाल्या का?" मी म्हटलं, "म्हणाली."

बाप्तिस्म्याच्या वर्गात मी अकरा वर्षं शिकवते, की देव आहे हे मानणं वेगळं आणि त्याच्यावर अंग टाकून देणं वेगळं, आत्म्याचं तारण त्या दुसऱ्यात आहे. उत्तरं तोंडपाठ आहेत. पण माझा भरवसा असता तर मी खोटं कशाला बोलले असते? एक शब्द कमी पडला म्हणून तो आईला दाराबाहेर ठेवेल, असं मला वाटलं. त्याला मानत होते, म्हणून तर इतकी घाबरले. भरवसा आईने ठेवला, माझ्या एका बोटावर. मी अजून कुणावरच ठेवलेला नाही. आणि गुरुवारी भूल देतील तेव्हा मी काय धरणार?

आज दुपारी पाळकसाहेबांना खरं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "मग आईंचं काय झालं असेल?"

"मला माहीत नाही. तुम्हालाही नाही," मी म्हटलं.

बाहेर पायरीवर बसून आईला देवाच्या हाती दिलं, त्या शब्दाशिवाय. सहा वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. स्वतःला द्यायचं तर अजून बाकीच आहे.

इस्पितळाच्या कागदावर जवळच्या माणसाचं नाव लागतं. तुला न विचारता तुझं लिहिलं. गुरुवारी सकाळी सात. नाही आलीस तर ते मला शोभेलसंच आहे. आलीस तर बोलू नकोस, बोट तेवढं दे. आणि मी उठले, तर आईच्या फोटोपुढे तू हवं तेवढं वाक. मी शेजारी उभी राहीन.

आईने विचारलं होतं ते तुझ्यापर्यंत पोचवायचं राहून गेलं. जेवलीस का, ताई?

तुझी बाही धरणारी,
हेरान