आपलेच राखणदार

मंगळवार, नोव्हेंबर १९८८. आदिलाबादचा दवाखाना.

त्या डॉक्टरचं तोंड पाहवत नाही. कालचं पोरगं मला शिकवतं. बायकोच्या मेंदूच्या आवरणाला क्षय झाला, जंतू औषधानं मरून राह्यले, इथवर कळलं. मग सूज कशाची? म्हणे, "बाबा, आजींच्या रक्तातल्या राखणदार पेशीच मेलेल्या जंतूंवर तुटून पडतात. त्या जे रस सोडतात, त्यांनी मेंदू सुजतो. त्यांना आवरायला ही पांढरी गोळी."

"घरात चोर, अन् कुत्रं बांधून ठेवता?" मी ओरडलो.

सून म्हणाली, "मामाजी, गेल्या साली पाखरं हाकलताना तुमच्याच गोफणीनं जवारीची कणसं पाडली ना?"

हिला कोणी विचारलं? पण पडली होती. पाखरं उडाल्यावरही माझा हात थांबत नव्हता.

डॉक्टरनं पुन्हा ती पांढरी गोळी पुढं केली. सूज उतरली नाही तर डोळे जातील म्हणे. सायंकाळी बायकोनंच मला विचारलं, "कोन हाय जी तुमी?" मला! मग गोळी मीच तिच्या तोंडात घातली, रागानंच.

उद्या सकाळी तिनं मला ओळखून शिव्या दिल्या, तर गोळीला काही बोलणार नाही. डॉक्टरला मात्र बोलीन.