पुढच्या खोलीची व्यवस्था

मी जिवंत असताना माझ्या पुढच्या खोलीला टेप लावला गेला. ही तक्रार आधी लिहा मास्तर, नमस्कार मागून घाला, त्याला घाई नाही. माणूस मेल्यावर खोल्या मोजतात. इथे मी आत चहा गाळत होते आणि बाहेर मोजणी चालली होती.

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या युनियनच्या म्हाताऱ्या बायका त्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. माझा मुलगा गिरीश एका माणसाला घेऊन आला. त्या माणसानं बायकांच्या डोक्यावरून टेप ओढला. माझ्या शेजारी बसणाऱ्या यादम्मानं विचारलं, “क्या नापरे बाबू?” गिरीश मोबाईलमध्ये बघत राहिला. उत्तर दिलं ते माझ्या सुनेनं, सुप्रियानं, तेही स्वयंपाकघरातून. “पंखा लगाना है अम्मा.” पंख्याला भिंतीची लांबी लागत नाही हे यादम्माला कळतं. पण तिनं पाय आखडून घेतले, टेप सरळ जावा म्हणून. त्या आखडलेल्या पायांमुळे मी हे मृत्युपत्र करत आहे.

आता नमस्कार. माझ्या मागं राहणाऱ्या सगळ्यांना.

मी चतुराबाई एकनाथराव बिरादार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, बिस्किटांच्या कारखान्यातली निवृत्त पॅकिंग कामगार, राहणार अंबरपेठ, हैदराबाद, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, माझ्यावर कुणाचा दाब नाही आणि मला कुणी फूस लावलेली नाही. डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टर दिलीप उमरीकर यांनी करून घेतली. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी म्हटलं, “रविवार. नाहीतर तुम्ही घरी सापडला असता का?” त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

शाळा मी भालकीकडच्या गावात चौथीपर्यंत केली. सही येते, पाटी वाचता येते, एवढं लांब लिहिणं होत नाही. म्हणून शेजारचे निवृत्त शिक्षक अनंतराव हिप्परगेकर मी सांगते तसं लिहीत आहेत. त्यांनी माझे शब्द सुधारू नयेत. दोनदा सुधारले, दोनदा खोडायला लावले, खोडलं तिथं माझी सही आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी म्हणालं तर त्याला सही दाखवायला सांगावी.

कलम १. पेन्शन. माझी पेन्शन कुणालाही देता येत नाही, ती माझ्याबरोबर बंद होते. माझे मालक, एकनाथराव, आधीच गेले, त्यामुळे मागं कुणाचा हक्क राहत नाही. सिलिंडर आणि गोळ्या यांत ती संपते, तरी तिच्यावर डोळा ठेवणारे या घरात आहेत. मी गेल्यावर गिरीशनं बँकेला आधी कळवावं, मग नातेवाइकांना. नंतर खात्यात काही जमा झालं तर कार्ड घालून काढू नये. आमच्या गल्लीत एका घरानं काढलं, बँकेनं परत मागितलं, आणि शिव्या मेलेल्या माणसाला बसल्या. मला जिवंतपणी बसल्या तेवढ्या पुरेत.

कलम २. बांगड्या. माझ्या दोन सोन्याच्या बांगड्या मुलगी सरोज हिला. तिच्या लग्नात बँड नव्हता, हे ती दर दिवाळीला सिकंदराबादहून येऊन ऐकवते. या बांगड्या बँडच्या ऐवजी आहेत. यापुढे बँड वाजू नये.

बँड का नव्हता ते एकदा लिहूनच ठेवते, कारण सगळं प्रकरण तिथूनच निघतं.

आमच्या कारखान्यात मुलीचं लग्न निघालं की बाई कागदावर राजीनामा द्यायची. राजीनामा दिला की प्रॉव्हिडंट फंड हातात येतो. त्यात लग्न उरकायचं, थोडे दिवस घरी बसायचं, मग नव्या नंबरावर पॅकिंगच्या त्याच पट्ट्यावर, त्याच जागी, तीच बिस्किटं भरायला लागायचं. कंपनीला चाललं, कारण बाई नवी ठरली की पगार खालपासून. आणि कंपनीकडून ही मेहेरबानी काढून आणायची कुणी? युनियनच्या सेक्रेटरीनं. सेक्रेटरी म्हणजे माझे मालक, एकनाथराव. बायका त्यांना देव मानायच्या. “भैया ने शादी करा दी.” लग्नाच्या मांडवात त्यांना पहिला नारळ.

फंड काढला की मागची वर्षं पुसली जातात आणि पेन्शनीला सलग नोकरी भरत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मलाही कायदा कळत नव्हता. मला एवढंच कळत होतं की जी गोष्ट कंपनी हसत हसत देते ती घेऊ नये. सरोजचं ठरलं तेव्हा मालक म्हणाले, “चतुरे, तूही राजीनामा दे. सेक्रेटरीच्या पोरीचं लग्न साधं झालं तर लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “लोक जेवून जातील, माझी नोकरी मला परत द्यायला येणार नाहीत.” आठवडाभर भांडण चाललं. घरातली पातेली अजून पोचलेली आहेत, ती कलम ५ मध्ये येतील. शेवटी लग्न चिवडा आणि चहावर झालं.

म्हणून आज मला पेन्शन आहे आणि यादम्माला नाही. दोघींनी पट्ट्यावर खांद्याला खांदा लावून सारखंच आयुष्य काढलं. ती या वयात टिफिन सेंटरमध्ये भांडी घासते. तिच्या मुलीच्या लग्नाला बँड होता.

मालकांना हे शेवटच्या आजारपणात उमगलं. अंथरुणात बसून त्यांनी एकेका बाईचा अर्ज लिहिला, की हिचे तुटलेले तुकडे जोडून नोकरी एक धरावी आणि पेन्शन द्यावी. मला म्हणाले, “तू तेव्हा का नाही ओरडलीस?” मी पोचलेलं पातेलं आणून दाखवलं. त्यांनी ते बघितलं आणि पुढचा कागद ओढला. अर्ज लिहीत राहिले. ते अर्ज अजून चालू आहेत. तारीख पडते, साहेब बदलतो, पुन्हा तारीख पडते.

कलम ३. फोटो. एकनाथरावांचा फोटो पुढच्या खोलीतून हलवू नये. बायका त्याला हार घालतात, घालू द्यावा. पेन्शन गेलेल्या बायका त्याच फोटोखाली बसतात. मालकांनी बघत राहावं.

कलम ४. घर. हे घर मी माझ्या फंडातून आणि ग्रॅच्युइटीतून घेतलं. यात मालकांचा, सासरचा, माहेरचा कुणाचा पैसा नाही. म्हणून मी ठरवीन ते होईल. संपूर्ण घर, खालचं आणि वरचं, मी गिरीशला देते. पण खालील अटीवर, आणि अट वाचल्याशिवाय त्यानं पेढे आणू नयेत.

कारखाना बंद पडला, जागेवर इमारती झाल्या, युनियनच्या पत्र्याच्या ऑफिसवर आता त्यांचा पोहण्याचा हौद आहे. तेव्हापासून युनियन माझ्या पुढच्या खोलीत आहे. त्या खोलीत दोन कामं होतात. नोव्हेंबरात पेन्शनवाल्या बायकांचा हयातीचा दाखला निघतो. तो सुप्रिया मोबाईलवर काढते, मोबाईल म्हणतो डोळे मिचकाव. तरुणपणी डोळे मिचकावले असते तर घराबाहेर काढलं असतं, आता नाही मिचकावले तर पेन्शन बंद.

दुसरं काम हजेरीचं. कारखान्यात एखादी बाई पाणी प्यायला किंवा पोराला पाजायला उठली आणि सुपरवायजरनं तिचं नाव पुकारलं, तर शेजारची ओरडायची, “जागे पे है!” आणि ती येईपर्यंत दोघींचे डबे भरायची. आवाज आला नाही तर खाडा लागायचा. तीच रीत आम्ही ठेवली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पट्ट्यावर जशा बसायचो तशा बसतो आणि पट्ट्याच्या क्रमानं नावं पुकारतो. जी मेली तिचंही नाव पुकारतो. तिच्या घरच्यानं येऊन “जागे पे है” म्हणायचं, मग तिचा अर्ज पुढं चालतो. घरचं कुणी येईनासं झालं की अर्ज मरतो, आणि मेलेली बाई दुसऱ्यांदा मरते. शहनाजबीचा मुलगा ऑटो दाराशी लावून खाकी कपड्यांत आत येतो, उत्तर देतो, चहा न घेता जातो. सवारी बाहेर बसलेली असते. त्याला लाज वाटत नाही.

माझा मुलगा सिकंदराबादला साहेब आहे. त्यानं ऑफिसात सांगितलंय की आई बिस्किट कंपनीत “ॲडमिनला” होती. बायका आल्या की तो वर जातो. दारात कुणी हाक मारली की सुप्रिया सांगते, “ते अंघोळीला गेलेत.” एवढ्या अंघोळी करणारा माणूस हैदराबादच्या पाणीटंचाईत दुसरा नसेल.

टेपवाला गेल्यावर मी गिरीशला विचारलं, “काय ठरवलंस?”

“आई, मोबाईलचं दुकान येईल. चांगलं भाडं आहे. त्या अर्जांचं काही होणार नाही, तुलाही माहीत आहे. त्या बायका किती दिवसांच्या सोबती?”

“तुझ्या शाळेची फी भरायला मी जास्तीची पाळी केली, तेव्हा मी जागेवरून उठले की माझ्या मागं ‘जागे पे है’ कोण म्हणायचं ते माहीत आहे का?”

“मी त्यांना नको म्हणतोय का? दुसरीकडे बसावं.”

“कुठं? हौदात?”

सुप्रिया मधे पडली, “अत्या, त्यांना तसं म्हणायचं नाही.” मी म्हटलं, “त्याला काय म्हणायचंय ते तुला गं कसं कळतं नेहमी?” तो तेवढ्यात वर गेला होता.

म्हणून अट अशी. युनियनच्या शेवटच्या बाईच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत पुढची खोली भाड्यानं द्यायची नाही, विकायची नाही, पाडायची नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आणि पूर्ण नोव्हेंबर ती उघडी ठेवायची. आणि माझ्या नावाला गिरीशनं स्वतः उत्तर द्यायचं. माझा अर्ज नाही, माझी पेन्शन मिळून संपली, तरीही. पट्ट्यावर माझी जागा पहिली आहे. पहिली जागा गप्प राहिली की पुढच्या बायकांचा आवाज फुटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आजारपण सोडून लागोपाठ तीन वेळा तो आला नाही, किंवा खोलीला कुलूप लागलं, तर संपूर्ण घर सुप्रियाचं होईल आणि गिरीश तिच्या घरात राहील. वकिलांनी हे कायद्यात बसवून दिलं आहे. ते म्हणाले, “आजी, जरा कडक होतंय.” मी म्हटलं, “कुरकुरीतच पाहिजे, नरम झालेला माल परत येतो.”

या सगळ्याची अंमलबजावणी सरोजनं करावी. ती राग विसरत नाही, म्हणून तिलाच नेमलं.

कलम ५. भांडी आणि बाकीचं सामान. पोचलेली पातेली सुप्रियाला. ठोकून सरळ करू नयेत. तिला एखादे दिवशी लागतील.

कलम ६. नात प्रिया हिला माझा पितळी बिल्ला, कारखान्याच्या गेटवर दाखवायचा तो. प्रिया कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मला विचारत होती, “आजी, युनियन म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपसारखं का?” हौ, तसंच, फक्त वर्गणी द्यावी लागते आणि गुड मॉर्निंग कुणी म्हणत नाही. बिल्ल्याबरोबर हुकूम असा की नोकरी बदलताना फंड काढायचा नाही, नव्या नोकरीत वळवून घ्यायचा. लग्नासाठी नाही, फ्लॅटसाठी नाही, परदेशी फिरण्यासाठी तर नाहीच. तिला मराठी वाचता येत नाही. हे मृत्युपत्र सुप्रियानं तिला पूर्ण वाचून दाखवावं. इंग्रजीत थोडक्यात सांगू नये. थोडक्यात सांगितलं की टेपचा पंखा होतो.

कलम ७. माझं दहनाचं काम साधं करावं. माझ्या अंगावर रेशमी साडी घालू नये, ती यादम्माला द्यावी. तिला बोलावण्याची वेळ आली तर रस्त्यावरून हाक न मारता टिफिन सेंटरच्या आत जाऊन सांगावं, आणि त्या दिवसाची तिची मजुरी तिथल्या मालकाला कापू देऊ नये.

वरील मजकूर मास्तरांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

(सही) चतुराबाई एकनाथराव बिरादार

साक्षीदार:
१. (सही) अनंत रामराव हिप्परगेकर, निवृत्त शिक्षक, अंबरपेठ
२. (सही) डॉ. दिलीप भालचंद्र उमरीकर, तारनाका

ठिकाण: हैदराबाद
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सहीच्या खाली लिहिलेलं धरत नाहीत, असं वकील सांगतात. म्हणून मी आणि दोन्ही साक्षीदारांनी समासात पुन्हा सह्या केल्या आहेत, कारण एक गोष्ट राहिली.

मी गेल्यावर हजेरीचा जो पहिला रविवार येईल, त्या दिवशी नावं यादम्मा पुकारेल. सगळ्यात आधी माझं. तेव्हा स्वयंपाकघरातून सुप्रियानं आवाज द्यायचा नाही. सरोजनं भावाला कोपरानं ढोसायचं नाही. शहनाजबीच्या मुलाला दया आली तरी त्यानं बोलायचं नाही. यादम्मानं दुसरं नाव घ्यायचं नाही. तिला थांबायची सवय आहे, ती थांबेल. सतरंजीवर बसून, तिच्याकडे बघून, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असं उत्तर गिरीशनं द्यायचं.