जामीन राहिलेला माणूस

ठाकुर्ली, ३ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस गुरूचा शि. सा. नमस्कार.

माझा फोन लागत नाही म्हणून तू काळजीत असशील. मीच तो बंद ठेवला आहे. वसुली एजन्सीचा एक माणूस दिवसातून दहा वेळा फोन करतो आणि नाही नाही ते बोलतो.

कंपनीतला माझा मित्र पंढरी तुला आठवत असेल, कळव्याचा. मुलीच्या लग्नासाठी त्याने पतसंस्थेचं कर्ज काढलं, तेव्हा मी जामीन राहिलो होतो. तो करोनात गेला. मी भेटायला गेलो तर गोदूवहिनींना वाटेल जामीनदार हप्त्यांची चौकशी करायला आला, म्हणून पाच वर्षं त्यांच्या दारात गेलो नाही. आता एजन्सी म्हणते बहात्तर हजार बाकी आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडून भरून टाकतो. शब्द दिला होता, आणि वहिनींना यातलं काही कळायला नको. तू रागावू नकोस.

तुझा,
गुरू

नौपाडा, ठाणे, ६ फेब्रुवारी

चि. गुरूस अनेक आशीर्वाद.

रागावले आहे. अक्षर बघ तुझं, दुकानाची पाटी रंगवल्यासारखं! चार ओळींत पान भरतं आणि म्हणे एफडी मोडतो. माझा पाय प्लास्टरमध्ये नसता तर तिथे येऊन तुझं पासबुकच उचलून आणलं असतं.

अरे, तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसले मी. अर्जाशिवाय कुणाला साधा दाखला दिला नाही. फोनवर कुणीही काहीही म्हणेल. हा सूर्य, हा जयद्रथ असं त्यांना आधी दाखवू दे. सोबत मसुदा पाठवते, तो जशाच्या तसा उतरवून एजन्सीला आणि पतसंस्थेला स्पीड पोस्टाने धाड. पावत्या जपून ठेव. तुझ्या सहीचा जामीनकीचा कागद, कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि वसुलीचा अधिकार दिल्याचं पत्र, एवढं मागितलं आहे. ते येईपर्यंत फोन करू नका, असंही लिहिलं आहे.

कर्ज खरं निघालं तर भरू. निम्मे माझे. पण कागद बघून.

तुझी,
ताई

ठाकुर्ली, २ मार्च

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र टाकून फोन सुरू केला आणि चौथ्या दिवशी तो माणूस मला चक्क साहेब म्हणाला. मीही चढ्या आवाजात सांगितलं की आता जे काय ते लेखी. फार वर्षांनी बरं वाटलं.

परवा पतसंस्थेकडून पाकीट आलं. जामीनकीच्या कागदावरची सही माझीच वाटते, मग पुढचं काय असणार! उताऱ्यातले आकडे मुंगीएवढे आहेत, मला दिसत नाहीत. शेजारच्या नयनला वाचायला दिलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळेल. म्हणून तुलाच पाठवतो आहे.

तुझा,
गुरू

नौपाडा, ५ मार्च

चि. गुरूस आशीर्वाद.

भिंग घेऊन दोनदा वाचलं. सही तुझीच आहे. बाकी शून्य आहे.

पंढरी गेल्यावर सहा महिने एकही हप्ता नाही. मग दर महिन्याला रोख भरणा, कधी तीन हजार, कधी दीड हजार, एकदा तर चारशे. ऑगस्ट २०२४ मध्ये खातं बंद. प्रत्येक भरण्यापुढे भरणाऱ्याचं नाव आहे, गोदूबाई. पतसंस्थेने लिहिलं आहे की एजन्सीकडे जुनी यादी गेली, चुकीबद्दल दिलगीर आहोत.

गुरू, तुझा शब्द त्या बाईने पाळला आणि तू पाच वर्षं तिच्या घरी गेला नाहीस. हे पत्र वाचून झालं की चपला घाल.

तुझी,
ताई

ठाकुर्ली, ९ मार्च

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

काल कळव्याला जाऊन आलो. वहिनी लोकांकडे पोळ्या करायला जातात, अजूनही. मला बघून आधी खूप रागावल्या. म्हणाल्या, कर्ज फिटेपर्यंत तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि फिटल्यावर वाटलं तुम्ही आज याल, उद्या याल.

मग देव्हाऱ्यातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. कर्ज पूर्ण फिटल्याचा पतसंस्थेचा बेबाकी दाखला, हळदीकुंकवाने डागळलेला. जाताना पंढरी सांगून गेला होता म्हणे की गुरूच्या नावाला धक्का लागू देऊ नकोस. ताई, मी तिथेच बसून रडलो.

एफडी ऑपरेशनसाठीच मोडली. तारीख बुधवारची मिळाली आहे आणि वहिनी डबा घेऊन येणार आहेत. दाखला माझ्या उशीखाली आहे. डोळ्यावरची पट्टी निघाली की पहिल्यांदा तोच वाचणार आहे.

पाय सांभाळ, आणि माझ्यावरचा राग असाच राहू दे.

तुझा,
गुरू