बाळापूर रोडवरचे ट्रक गेले

बाबा, आज सकाळी आई एकटी बाळापूर रोड ओलांडून भाजी घेऊन आली. ब्याऐंशी वर्षांची तुमची बायको, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. दारातूनच सांगायला लागली, "कोनाचा हॉर्न नाई, काई नाई. मंधात उभी राहून जरा इकडं-तिकडं पाह्यलं मी." मी म्हटलं, अगं, रस्त्याच्या मधे कशाला उभी राहिलीस? तर म्हणते, "राह्यता येते म्हनून." आणि हसत सुटली. सात-आठ वर्षं ती त्या रस्त्यापलीकडे माझा हात धरल्याशिवाय गेली नव्हती. बायपास चालू होऊन आठ दिवस झाले, अकोल्यातून जाणारे ट्रक आता बाहेरून जातात, आणि मी सकाळपासून कामाला हात न लावता नुसती खिडकीशी उभी आहे. हे कोणाला सांगावं असं मनात आलं, तेव्हा पहिले तुम्हीच आठवलात.

तुम्ही मैलकुली होता, हे आता लोकांना फोड करून सांगावं लागतं. ठरवून दिलेल्या मैलांचे खड्डे बुजवणारा, कडेला मुरूम टाकणारा, पावसाचं पाणी रस्त्यावर थांबू न देणारा माणूस. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायची. तुम्ही कडुनिंबाखाली जेवता, लोट्यात उरलेलं पाणी डांबरावर ओतता आणि विचारता, "सांग, कुठी जाईन हे?" मी मधली जागा दाखवते. पाणी मात्र सावकाश कडेला सरकतं, आणि तुम्ही अख्खा रस्ता स्वतः बांधल्यासारखे खूश होता. "मंधात उंच, बाजूनं उतार. रस्त्याले पाठ असते, पोरी." पुढे अमरावतीला इंजिनिअरिंगच्या वर्गात सरांनी हेच फळ्यावर काढलं, तेव्हा मी एकटीच हसत होते. सरांनी कारण विचारलं, ते मला सांगता आलं नाही.

त्याच वर्षी सुट्टीत घरी आले होते. फरशीवर नकाशा पसरून कॉलेजच्या कामासाठी एक रस्ता आखत होते. या गावापासून त्या गावापर्यंत पट्टी ठेवली आणि सरळ रेघ ओढली. तुम्ही हातपाय धुऊन आत आलात, उभ्यानेच पाहिलं. "हे रेघ कुठून चालली, तुले मालूम आहे का?" मी म्हटलं, बाबा, हा नकाशा आहे. "थे मले दिसते. तू गेली होती का तिथं?" नाही म्हटल्यावर तुम्ही इतके चिडलात की आई चुलीपासून उठून आली. "मंग खोड थे. पाह्यल्याबिगर कोनाच्या वावरातून रेघ ओढू नको." मी इतक्या रागाने खोडली की कागद फाटला. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही मनवायला आला नाहीत.

काही वर्षांपूर्वी बायपासचा मार्ग ठरवायचं काम माझ्या टेबलावर आलं. नकाशावर तीन रेघा होत्या, लाल, निळी आणि हिरवी. लाल शहराला इतकी खेटून की थोड्याच वर्षांत घरं तिला गिळणार. निळी सगळ्यांत सरळ आणि आखूड, ती सगळ्यांनाच आवडलेली. हिरवी मोठं वळण घेऊन ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीवरून जाणारी. सगळ्यांना वाटत होतं, निळीवर सही होईल आणि विषय संपेल. मी तिन्ही रेघा पायी चालायच्या ठरवल्या. निळ्या रेघेवर एका खेड्यापाशी पांदण लागली. बैलगाडीची जुनी वाट, नकाशावर बारीक ठिपक्यांची. त्या वाटेने गेलं की गावाची वावरं रेघेच्या पलीकडे, शाळाही पलीकडे. बकऱ्या चारणारी एक म्हातारी माझ्या मागेमागे येत होती. मी काय करते आहे ते सांगितल्यावर ती म्हणाली, "करा ना रस्ता, आमी काय नाई म्हनून राह्यलो? पन मॅडम, आमी कुठून जाऊ?"

बैठकीत मी हेच बोलले. आमचे मोठे साहेब कडक माणूस. निवृत्तीला थोडेच महिने उरलेले, फाईल लांबलेली त्यांना खपायची नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या मला दाखवा." दुसऱ्या दिवशी ते चकचकीत काळे बूट घालून आले. आदल्या दिवशी पाऊस झालेला. आपली काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. शंभर पावलांत साहेबांच्या एकेका पायाला मातीचं भाकरीएवढं थापोडं. तीच म्हातारी बांधावर बसून पाहत होती. तिने एक काडी तोडून त्यांच्यापुढे धरली, "खरडा साहेब, नाईतं बूट इथंच राह्यतीन." साहेब बांधावर तिच्या शेजारी बसले, बूट खरडता खरडता तिला विचारत राहिले, वावरात कितीदा जाता, पोरं शाळेत कशी जातात. तेवढ्यात शाळा सुटली आणि पोरांची रांगच्या रांग पांदणीतून आमच्यासमोरून गेली. साहेबांनी नकाशा गुंडाळला. "हिरवी," एवढंच म्हणाले. हिरवी रेघही दुसऱ्या एका गावाची पांदण कापत होती, पण तिथे शाळा अलीकडेच होती, वावरात जाणाऱ्यांसाठी रस्त्याखालून बैलगाडी जाईल असा बोगदा धरला. बाबा, परत येताना मी जीपमध्ये बसून मनातल्या मनात नाचत होते.

ट्रक बाहेर जाणार म्हणून आतला बाळापूर रोड आपोआप माणसांचा होत नाही, हे मात्र पुढे कळलं. रुंद फुटपाथ आणि सायकलींची वेगळी पट्टी म्हटल्याबरोबर दुकानदार भांडायला आले. सगळ्यांत मोठा आवाज एका कापडवाल्या काकांचा. "मॅडम, गाडी लावाले जागा नाई तं गिऱ्हाईक काय पैदल येईन?" मी त्यांच्याकडून एक महिना मागून घेतला. रंगवलेली पिंपं ठेवून, चुन्याच्या रेघा मारून तात्पुरती पट्टी केली. पहिले चार दिवस शिव्या खाल्ल्या. बायपासची उरलेली कामं चालली होती, ट्रकही अजून आतूनच जात होते, पण निदान कडेने चालायला जागा झाली. महिना संपला, आम्ही पिंपं उचलायला गेलो, तर काका दुकानाची पायरी उतरून धावत आले. "अवो, काहून उचलता? बाया आता थांबून पाहून राह्यल्या ना दुकानाकडं! राहू द्या." आता पक्की पट्टी झाली आहे. संध्याकाळी शिकवणीच्या मुली तिच्यावरून शेजारी शेजारी सायकली चालवत, गप्पा मारत जातात. काका त्यांना ओरडतात, "सीध्या चाला गं!" पण पाण्याचा माठ त्यांनीच बाहेर ठेवलाय.

आत्ता हे लिहिते आहे, आई मेथी निवडते आहे आणि उद्या कुठवर चालत जायचं याचे बेत सांगते आहे. तिला मोर्णा नदीच्या पुलापर्यंत जायचंय. मी म्हटलं, झेपेल का? "तू ये ना संगं, थकली तं बसू." जाऊ आम्ही.

हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय वही मिटत नाही. त्या दिवशी परतताना जीपमध्ये साहेबांनी मला विचारलं होतं, "रेघ आधी चालून बघायची, हे कुठे शिकलात?" बाबा, मी कॉलेजचं नाव सांगितलं.