पासिंग आणि डावी चप्पल

मंगळवार, संध्याकाळ

आरटीओत गाडी पास झाली. मागच्या पासिंगला झाली होती, आजबी झाली. आमच्या लग्नाच्या वेळची ही लांबलचक, जड क्रूझर फटफटी. हँडलला हार घालून हे घरी आले, दारात नारळ फोडला. मला मात्र चैन न्हाई.

ब्रेक लागतो कुठं तिला? लिंबापाशी इंजिन बंद करतात आणि डावी चप्पल घासत दारापर्यंत येतात. तो खर्र आवाज आला की मी चहा ठेवते. इतकी सवय झालीय.

"साहेबांनी ब्रेक बघितला न्हाई व्हय?" मी इचारलं.

"बघितला ना. मैदानात चक्कर मारायला लावली, मग थांब म्हणले. थांबलो बराबर."

"चप्पल घासून?"

हे हसले. "गाडी थांबली का न्हाई? मग तुला काय तकलीफ?"

पास झालेल्या गाडीवरून भांडले तर मीच येडी ठरणार. पण डोंगरकड्याच्या रस्त्याला समोर ट्रक आला तर? तिथं चप्पल पुरंल का?

रागारागानं दार झाडायला घेतलं. यांची चप्पल उचलली, डाव्या टाचेला भोक पडायला आलंय. बाजूला शीतलचे सँडल होते. पोरगी यंदा कॉलेजला गेली, म्हणून हे तिला गाडी शिकवून राहिलेत. सँडल आत्ताच घेतलेले, पट्ट्याची चमकसुद्धा गेली न्हाई. सहज उलटे करून पाहिले.

डावी टाच अर्धी झिजलीय.