हकलबेरीला जाताना कमरेला काय बांधावं

१४ जुलै, सोमवार

कार्नाची अट ऐकून घेतली. ऐकून घेतली म्हणजे फोन आपटला नाही, एवढंच.

"आई, एक तर हकलबेरी वेचायला जातेस ती जागा सांग, म्हणजे तू संध्याकाळी परतली नाहीस तर कुठे शोधायचं ते तरी कळेल. नाहीतर अस्वल आलं तर तुला नीट चालवता येईल असं पिस्तूल घे. सात पावलांवरून पाच गोळ्या, जेवायच्या कागदी ताटलीत. डेल्बर्टकाकांनी मला स्वतः फोन करून सांगायला हवं. नाही जमलं तर यंदा हकलबेरी नाही. आणि मग थंडीच्या आत घर विकून माझ्याकडे यायचं."

जागा सांगायचा प्रश्नच नाही. ह्या खोऱ्यात माणूस मुलीचं लग्न सांगेल, आजार सांगेल, पण हकलबेरीची जांभळी रानफळं कुठे मिळतात ती जागा सांगणार नाही. सासूबाईंनी मला लग्नानंतर तीन वर्षांनी नेलं — मी टिकते का ते आधी पाहिलं. स्तोत्रांच्या पुस्तकावर हात ठेवायला लावला. कार्नाला सांगायचं म्हणजे जावयाला सांगणं, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

माझा नवरा आर्विड फेब्रुवारीत देवाघरी गेला. ही पहिलीच खेप त्याच्याशिवाय.

१६ जुलै, बुधवार

आर्विडचं मोठं रिव्हॉल्वर कपाटातून काढलं. बिडाच्या तव्याएवढं जड. दोन्ही हातांनी उचललं तरी वर धरवेना. वाट सुरू होते तिथे गाडी लावून तो सहा गोळ्या भरायचा — टक्, टक् — सहा वेळा. मग ते छातीवरच्या पट्ट्यात बसवायचा आणि म्हणायचा, "चल बेरित, गा आता." तो आवाज झाला की माझी भीती जायची.

ते मला पेलणार नाही. डेल्बर्टच्या बंदुकांच्या दुकानात गेले. त्याने आधी एक चपटं, लहान पिस्तूल दिलं. पर्समध्ये मावेल असं. पण गोळी आत घ्यायला त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, आणि माझ्या अंगठ्यात ती ताकद नाही.

"वहिनी, मुरंब्याच्या बरणीचं झाकण उघडता येतं ना तुम्हाला?"

"झाकणं आर्विड उघडायचा."

मग त्याने एक हलकं रिव्हॉल्वर आणलं, साबणाच्या वडीसारखं हलकं. मला वाटलं, हेच. दुकानामागच्या मैदानात एकच गोळी झाडली आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणला.

"हलकं असलं की झाला जीव खूश," डेल्बर्ट म्हणाला. "वजन कमी तेवढा धक्का जास्त. अस्वलासाठी गोळी जोरकस लागते. ती ह्यातून उडवलीत तर दुसरी उडवायला तुम्ही जागेवर नसाल."

"पहिलीतच काम झालं तर?"

"मग दुसऱ्या दिवशी सगळं चर्च तुमच्या पाया पडायला येईल."

१७ जुलै

मनगट सुजलं आहे. कार्नाला कळवलं नाही.

२० जुलै, रविवार

प्रार्थनेनंतर कॉफीला बसलो. नव्या पाद्रींच्या बायकोने विचारलं, एवढी वर्षं डोंगरात जाता, अस्वल कधी भेटलं का? मग आगींच्या सालची गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगते.

१९८८. सगळा डोंगर धुराने भरलेला, वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मी सासूबाईंचा तपकिरी कोट घालून झुडपांत वाकलेली, डबा कमरेला बांधलेला. एकदम बार झाला. डोक्यावरची फांदी तुटून माझ्या पाठीवर पडली. आर्विड धावत आला, चेहरा पांढराफटक. "अस्वल होतं. तुझ्या मागे." एवढंच बोलला आणि खाली बसून ओकला. माझा डबाही उपडा झाला होता. ठसे दिसले नाहीत म्हटलं, तर म्हणाला, कोरड्या जमिनीत उमटत नाहीत.

पुढच्या आठवड्यात तो ऐंशी मैल गाडी चालवून गेला आणि माझ्यासाठी लाल लोकरीचा कोट घेऊन आला. सेल नसताना, पूर्ण किमतीला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तपकिरी कोटाला अजून दहा वर्षं काही झालं नसतं. तो मात्र त्याने स्टोव्हमध्ये घातला — माझ्या सासूचा, त्याच्याच आईचा.

आणि तेव्हापासून, "गात राहा बेरित, थांबू नकोस." पाणी प्यायला थांबले तरी झुडपांपलीकडून हाक, "बेरित?" लोकांना माझा आवाज कधी फारसा आवडला नाही. आर्विडला आवडायचा.

मी ही गोष्ट सांगायला लागले की तो उठून खुर्च्या आवरायला जायचा. स्तुती सहन होत नसे त्याला. आज खुर्च्या बराच वेळ तशाच राहिल्या.

२४ जुलै, गुरुवार

मिळालं. पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर. नळी आखूड, पण अंग सगळं पोलादाचं, त्यामुळे धक्का सोसवतो. ओढायला काही नाही, चाप दाबला की झालं. डेल्बर्टने लाकडी मूठ काढून रबरी बसवली. आधी नरम गोळ्यांनी सराव, मग खऱ्या.

तिखटाच्या फवाऱ्याचा डबाही गळ्यात मारला. "ऐका वहिनी. सगळ्यात आधी आवाज. मग फवारा. पिस्तूल शेवटी. आणि काय आहे ते डोळ्यांनी नीट दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही."

"हे आर्विडही सांगायचा. कार्नाला शिकवताना तर दहा-दहा वेळा."

"जागा कुठल्या अंगाला आहे तेवढं तरी सांगा. उत्तर की पूर्व?"

"वर," मी म्हटलं.

३१ जुलै

पाचांतल्या तीन. बाकीच्या दोन कुठे गेल्या देव जाणे.

४ ऑगस्ट, सोमवार

पाचांतल्या पाच. एक ताटलीच्या अगदी कडेला, पण डेल्बर्टने ती धरली. माझ्यासमोर कार्नाला फोन लावला. "पोरी, तुझ्या आईच्या वाटेला जाऊ नकोस." मग फोन मी घेतला. ती म्हणाली, "बरं. जा."

घरात दोन-दोन कशाला? आर्विडचं मोठं रिव्हॉल्वर बदल्यात देऊन आले. देताना पट्टा मात्र काढून घेतला. त्याला त्याच्या घामाचा वास आहे.

परवा जायचं. डबे धुऊन ठेवले.

५ ऑगस्ट, मंगळवार

डेल्बर्ट स्वतः घरी आला. टोपी हातात. मला वाटलं कुणी गेलं.

आर्विडचं रिव्हॉल्वर त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "वहिनी, हे त्याने शेवटचं कधी उडवलं होतं?"

आगींच्या सालीच, मी म्हटलं. नंतर कधी वेळ आली नाही, देवाची कृपा.

त्याने मागचा घोडा ओढून दाखवला. "इथे एक टोक असतं. ते गोळीच्या बुडावर आपटतं तेव्हा गोळी उडते. हे कानशीने घासून सपाट केलंय. जुनं काम आहे, वरचा डागसुद्धा काळा पडलाय. ह्यातून गोळी उडणारच नाही."

मी म्हटलं, त्याला माहीत नसेल.

डेल्बर्ट माझ्याकडे बघत नव्हता. "त्या साली मी त्याला म्हटलं होतं, गोळी झाडलीस ना, मग चल, माग काढू. जखमी अस्वल डोंगरात सोडून देत नाही कुणी. आर्विड तर मुळीच नाही. तो म्हणाला, माग नाहीये. कधीच नव्हता. आणि मान फिरवून गेला. मी पुन्हा विचारलं नाही."

तो गेल्यावर कॉफी तशीच राहिली.

कानस मला ठाऊक आहे. करवतीच्या साखळीला धार लावायची ती. अजून खिळ्याला लटकते आहे.

दर साली मुरंब्याच्या किती बरण्या भरल्या त्याची वही काढली. १९८८ — नऊ बरण्या, 'लवकर परतलो.' माझंच अक्षर.

झुडपात अस्वल नव्हतं. तपकिरी कोट होता, आणि आत मी.

पंचवीस उन्हाळे तो त्या गोळ्या भरत राहिला, मला ऐकू जावं म्हणून. अस्वल आलं असतं तर मध्ये नुसता तो उभा राहिला असता. आणि मी दरवर्षी सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगत होते.

६ ऑगस्ट, बुधवार

गेले नाही. गुडघ्यावर बसून प्रार्थना करायला गेले, तर शब्द आठवेनात. त्याचं नाव तेवढं घेतलं.

लाल कोट उन्हात टाकला. कोपराला विरला आहे. आजवर एकदाही त्याला 'चांगला आहे' म्हटलं नव्हतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

कार्नाला फोन केला. जागा सांगितली — गाडी कुठे लावायची, ओढा कुठे ओलांडायचा, सगळं. ती रडायला लागली. शनिवारी येते आहे, जावयाला घेऊन. काहीतरी लाल घालून या, म्हटलं, दोघंही.