ह्यांच्या बंदुकीची नळी

शुक्रवार, मगरिबच्या नमाजानंतर. माहूज, आखात.

गावाहून दिराचा फोन. हे गेल्यापासून पडून असलेली ह्यांची बंदूक विकायला द्या म्हणतो. गावातल्या शेतकऱ्यांची संघटना पडून असलेल्या बंदुका दुकानदाराला विकणार आणि त्या पैशातून बंदुकीच्या परवान्यांसाठी कोर्टात भांडणार. मी म्हटलं, "बंदुका ठेवायला मिळाव्यात म्हणून बंदुकाच विकताय? शाबास."

"भाबी, थट्टा नको. आज हो की नाही ते सांगा. तशी तिची नळी वाकडी आहे, म्हणून तर भाईंचा नेम कधी लागला नाही."

तेच मनाला लागलं. नळी वाकडी? हे दर जुम्याला तिला खोबरेल चोळायचे. अजून इथे फ्लॅटमध्ये खोबरेलाची बाटली उघडली की बंदूकच आठवते. निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करताना पोरगी सासरी पाठवल्यासारखं तोंड व्हायचं ह्यांचं. भात खाणारं रानडुक्कर मात्र एकही पडलं नाही. सगळं गाव हसायचं, सगळ्यात जास्त मी. मग एकदा पहाटे भातात मी त्यांच्या मागे उभी होते. समोर डुकरीण, तिच्यामागे पिल्लं. ह्यांनी मुद्दाम नळी वर केली आणि आभाळात बार काढला. मी बघितलं, पण त्यांना कधी बोलले नाही. का नाही बोलले?

आज दिराला सगळं सांगून टाकलं. "विका. पण नळी सरळ आहे असं लिहून विका."

तो म्हणाला, "भाबी, हे संघटनेत बोलू नका हां. डुकरं मारायलाच तर परवाने मागतोय आम्ही."

"मीटिंग कधी आहे?" मी विचारलं. "मला व्हिडिओ कॉल लाव."